स्टुलावरून दिसणारा टीव्ही

घड्याळजींना सगळी गल्ली भिंगवाले म्हणायची आणि त्यांनाही ते आवडायचं. केसाएवढ्या स्क्रूचा आटा झिजलेला असला तरी तो त्यांना दिसायचा, आणि दिसला की चारचौघांत सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही.

बायको जाऊन आठ महिने झाले आणि घरातला टीव्हीही बंद पडला. घर इतकं गप्प झालं की दुरुस्तीला आलेली घड्याळं ते घरी आणून टेबलावर मांडू लागले. नुसत्या टिकटिकीसाठी. लेकीनं एकदा ते पाहिलं. तिनं पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "बाबा, उठा. आज टीव्ही घेऊन टाकू."

टीव्हीच्या दुकानातल्या मुलीनं विचारलं, "काका, साधारण कितीपर्यंत बघायचाय?"

भिंगवाल्यांनी आकडा हळूच सांगितला. मुलीनं नाक मुरडलं नाही. "त्यात बत्तीस इंची एचडी येईल की," ती म्हणाली आणि त्यांना कोपऱ्यात घेऊन गेली. तिथे दोन टीव्ही शेजारी शेजारी चालू होते. एक झगझगीत, दुसरा जरा मवाळ आणि थोडा महाग. दोन्हींवर एकच बाई बातम्या देत होती.

भिंगवाल्यांनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि झगझगीत टीव्हीच्या पडद्याला नाक टेकवलं.

"अहो बाबा, लोक बघतायत!"

"बघू देत. फुकट आहे."

"काका, ताप आलाय का त्याला?" दुकानातली मुलगी हसून म्हणाली.

"हाच द्या," भिंगवाले म्हणाले. "चित्राला धार आहे. मागचाही मी असाच पारखून घेतला होता. सहा वर्षांत पडद्यावरचा एक ठिपका मेला नाही."

"पण काका, टीव्ही काही असा नाक लावून बघत नाही कुणी. घरी कुठे ठेवता?"

"कपाटावर."

"आणि बसता कुठे?"

"बरोबर समोर. माझी कामाची उंच खुर्ची आहे."

"आणि बाकीचे?"

लेकच म्हणाली, "आई बसायची स्वयंपाकघराच्या दारात. बुटक्या स्टुलावर. एक डोळा गॅसवरच्या दुधावर, एक टीव्हीवर."

"मग तिथून बघा ना. या पडद्याचं एक आहे, समोरून छान दिसतो, पण खालून, बाजूनं बघितलं की माणसांची तोंडं काळी पडतात. स्वस्तातल्या काही पडद्यांना असतं ते." खोकी बांधताना बसायचं एक बुटकं स्टूल मुलीनं पायानं पुढे सरकवलं.

भिंगवाले स्टुलावर बसले आणि त्यांनी मान वर केली.

झगझगीत टीव्हीतल्या बाईच्या तोंडावरून कुणी कोळशाचं फडकं फिरवावं तसं झालं होतं. डोळे, भुवया, ओठ, काही कळत नव्हतं. शेजारच्या टीव्हीत तीच बाई नीट दिसत होती.

"अहो, हिचं तोंड असं काळं का दिसतंय?" मागचा टीव्ही नवा आला तेव्हा बायकोनं विचारलं होतं. एकदा नाही, महिनाभर. भिंगवाले खुर्चीवरून हललेही नव्हते. "टीव्ही एचडी आहे," ते म्हणाले होते. "एचडी म्हणजे काय माहितीय? हिला दिसेना!" स्वतःच्याच विनोदावर ते इतके खूश झाले की पुढे वर्षभर दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला तो ऐकवत होते. बायको समोर असली तर तीही हसायची.

डोळ्यांच्या डॉक्टरनं बायकोचे डोळे वयाच्या मानानं चांगले आहेत म्हणून सांगितलं, तर भिंगवाल्यांनी त्या डॉक्टरलाच कच्चा ठरवलं आणि तिला दुसऱ्याकडे नेलं. त्यानंही तेच सांगितलं.

दुरुस्त झालेलं घड्याळ भिंगवाले कधी लगेच गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. एक दिवस उताणं, एक दिवस पालथं, मग उभं, मग आडवं ठेवून बघायचे. एका अंगावर बरोबर चालणारं घड्याळ दुसऱ्या अंगावर मागे पडतं, हे त्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. आणि टीव्ही त्यांनी सहा वर्षं एकाच जागेवरून पाहिला. खुर्चीपासून त्या स्टुलापर्यंत चार पावलं होती.

"आईला शेवटी शेवटी धड दिसायचं नाही," लेक दुकानातल्या मुलीला सांगत होती. "बाबांनी फार केलं तिचं. दोन दोन डॉक्टर केले."

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? मवाळ टीव्ही घ्यायचा, घरी जायचं, लेकीच्या नजरेत आहे तसंच राहायचं. भिंगवाले स्टुलावरून उठले.

"तिला दिसत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तू बस इथे. बस, आणि वर बघ."

लेक बसली. थोडा वेळ तिला कळलं नाही. मग कळलं. तिनं बापाकडे बघितलं नाही, टीव्हीकडेच बघत राहिली.

"आईनं माझ्याकडे कापड मागितलं होतं," ती म्हणाली. "बाळाच्या झबल्यासाठी. दोनदा मागितलं. मी म्हटलं, आई, नको गं, एखादी सुई कापडात राहून गेली तर? तिला दिसत नाही म्हणून तुम्ही सांगितलं होतंत ना."

"हो. मीच सांगितलं होतं."

ती 'असू दे' म्हणेल, असं त्यांना क्षणभर वाटलं. ती तसं म्हणाली नाही. डोळे पुसून उठली आणि दुकानातल्या मुलीला म्हणाली, "दुसरा द्या. तो महागातला." मग बापाला, "मी रिक्षानं घेऊन जाते घरी. तुम्ही या मागून."

भिंगवाले घरी गेले नाहीत. शिंप्याच्या दुकानाशी गेले.

बावीस वर्षं त्यांची बायको या शिंप्याकडची तुरपाई आणि काजं-बटणं घरी करायची. टीव्ही आल्यावर दुसऱ्या वर्षी भिंगवाले आपणहून इथे आले होते आणि म्हणाले होते, "हिला आता काम देत जाऊ नका. हिला दिसत नाही." तेव्हा त्यांना आपण बायकोची फार काळजी घेतो असं वाटलं होतं. तिनं सुयांची डबी आवरून ठेवली आणि एवढंच म्हणाली, "तुम्ही म्हणताय तर तसंच असेल."

शिंपी गळ्यात टेप अडकवून खडूनं कापडावर रेघा मारत होता. एक बाई माप द्यायला उभ्या होत्या. त्याला बाजूला घेऊन बोलावं असं भिंगवाल्यांच्या मनात होतं. पण तेव्हा ते चार गिऱ्हाइकांसमोर बोलले होते.

"माझ्या बायकोचे डोळे चांगले होते," ते उंबऱ्यातूनच म्हणाले. "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

शिंप्यानं खडू खाली ठेवला. "मला तेव्हाही तसंच वाटलं होतं," तो म्हणाला. "शेवटच्या गठ्ठ्यात एक टाका वाकडा नव्हता हो. पण म्हटलं, भिंगवाले सांगतायत म्हणजे आपल्यालाच दिसत नसेल."

"ती काही म्हणाली होती?"

"वहिनी? इथून जाताना थांबायच्या. एखादं पडलेलं काम असेल तर द्या म्हणायच्या. बटणं तरी."

"मग?"

"मग काय. मी नाही म्हणायचो. पुढे पुढे नुसत्या उभ्या राहायच्या, कापडं बघायच्या आणि जायच्या."

ती भाजी आणायला जाते, असं भिंगवाले समजत होते. एवढा वेळ का लागला म्हणून ते तिच्यावर ओरडायचेही.

"किती वेळा आली असेल?"

"मोजलं नाही बुवा," शिंपी म्हणाला. मग त्यांच्या तोंडाकडे बघून, "आत या. बसा. पाणी देतो."

भिंगवाले आत गेले नाहीत. माप द्यायला आलेल्या त्या बाई त्यांच्याकडे बघत होत्या. ओळख ना पाळख.

"तिचे डोळे चांगले होते," ते त्यांनाही म्हणाले.

बाईंनी काही न समजताच मान हलवली. भिंगवाल्यांना त्यांच्याकडे बघता येईना.