बळवंतरावांचा खिसा

मला विकता येत नाही असं जगात फार थोडं आहे. देवासच्या हिंदी शाळेत मी भर उन्हाळ्यात पोरांच्या गळी भूगोल उतरवत होते, तर भावाची पेनं विकणं काय अवघड? शरदने पेनं करायची आणि मी विकायची, असं ठरलेलं. तो मुका नव्हता, पण गिऱ्हाईक समोर आलं की त्याच्या तोंडातून शब्द फुटत नसे.

कारखान्यात तो टर्नर होता. एकच लोखंडी बुश, म्हणजे बोटभर नळीचा तुकडा, दिवसाला चारशे. आठ वर्षांनी, एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात, त्याने नोकरी सोडली, भंगारातून एक छोटं लेथ मशीन जमवलं आणि लोहारदा गावाहून मोडीत निघालेल्या बैलगाड्यांचं शिसवी लाकूड आणून त्याची शाईची पेनं कातायला लागला. घरात आम्ही दोघंच. त्यामुळे ‘वेडा झालास का’ हे विचारायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी रोज करत होते. मग एकदा त्याने तयार झालेलं पेन माझ्या हातात ठेवलं. काळसर, गुळगुळीत, खाली ठेवावंसंच वाटेना. त्या दिवसापासून मी विचारणं सोडलं आणि पिशवी उचलली.

देवासमध्ये बरी खपली. पण माझा डोळा धारवर होता. तिथे संस्थानच्या काळापासूनची मराठी घरं, आणि त्या घरांत अक्षराचा मान मोठा. तिथल्या गणेशोत्सवात मी मांडवाच्या दाराशी टेबल टाकलं आणि थेट बळवंतरावांना गाठलं. हे पूर्वी संस्थानच्या दफ्तरात होते. धारमधल्या निम्म्या लग्नपत्रिका त्यांच्या हातच्या. त्यांनी एखादी वस्तू चांगली म्हटली की बाकीचे ती डोळे मिटून विकत घेत. मी शाईने भरलेलं पेन त्यांच्या पांढऱ्या लांब कोटाच्या खिशाला स्वतः लावलं. ते बघून संध्याकाळपर्यंत माझी बावीस पेनं गेली.

आरतीला बळवंतराव पुढे उभे होते. टाळ्या वाजवता वाजवता लोक त्यांच्या छातीकडे बघायला लागले. तिथे पुरीएवढा निळा डाग पसरला होता.

त्यांनी दोन बोटांनी पेन काढून माझ्या टेबलावर ठेवलं. “पेनवाल्या बाई, हे पेन नव्हे. हे गळकं मडकं आहे.”

सगळा मांडव हसला. दुसऱ्या दिवशी बावीसच्या बावीस पेनं परत आली. मी बसस्टँडकडे निघाले तर पानाच्या ठेल्यावरून एकजण ओरडला, “भिया, देख, गळके पेनवाली जा री है!” मी मागे वळून त्याला चार शब्द सुनावले, पण बसमध्ये बसल्यावर मला रडू आवरेना.

शरदने घरी एक पेन उभं कापलं. लाकूड आतून पार बाहेरच्या कडेपर्यंत निळं झालेलं. देवासची गिऱ्हाइकं भिडेखातर बोलली नव्हती, एवढंच.

“लोखंड शाई पीत नाही गं, अक्का,” तो म्हणाला. “लाकूड पितं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

आठ वर्षं लोखंड कातणाऱ्यालाच अशी चूक सुचते. त्याने मशीनवर चादर टाकली आणि कारखान्यातल्या माधव सुपरवायझरला भेटून आला. माधव म्हणाला होता, “दशहरे के दूसरे दिन आ जा, भिया. तेरी मशीन खाली पड़ी है.”

मला असा संताप आला! “चारशे बुश करायला परत जाणार?”

“नाव धारमध्ये गेलं, अक्का. बळवंतरावांनी परत खिशाला पेन लावलं तर नाही जाणार. पण ते थोडंच होणार आहे?”

झालं, मला एवढंच पुरे होतं.

नवरात्राच्या तोंडावर मी लाखेच्या बांगड्या भरायला धापूबाईकडे गेले. ती शेगडीवर लाख मऊ करत होती. मी माझं रडगाणं तिलाही ऐकवलं. तिने मानही वर केली नाही. “लकड़ो तो पाणी पिये, बई. लाख नी पिये.”

लाख पीत नाही! मी एका हातात बांगड्या भरल्या, दुसरा तसाच ठेवला आणि तिलाच घेऊन घरी आले.

शरदने चादर काढली. धापूबाईने तापल्या सळईने पेनाच्या पोकळीत लाख फिरवली. पहिल्या पेनात ती तडकली, दुसऱ्यात गोळा होऊन बसली. तिसऱ्याला तिने लाखेत थोडं मेण घातलं आणि आतून काचेसारखा थर बसला. घटस्थापनेला आम्ही अकरा पेनं शाईने भरून, पांढऱ्या रुमालांत गुंडाळून घटाशेजारी ठेवली. नवमीला रुमाल सोडले. तीन निळे होते, आठ कोरे. त्या तीन पेनांत लाख कुठे पातळ राहिली हे शरदने शोधून काढलं.

दसऱ्याला सकाळी तो इस्त्रीचा पांढरा सदरा घालून उभा राहिला आणि खिशाला भरलेलं पेन लावलं. इंदूरमार्गे धारपर्यंत बसने आम्हाला खुळखुळ्यासारखं हलवलं. प्रत्येक खड्ड्याला मी त्याच्या खिशाकडे बघत होते.

बळवंतरावांकडे पाटावर दौत-लेखणीची पूजा मांडलेली, सोनं द्यायला आलेल्यांची गर्दी. त्यांच्या अंगात तोच कोट होता. डाग फिका झाला होता, गेला नव्हता.

“या, पेनवाल्या बाई,” ते म्हणाले. “बघा, धोबी हरला.”

“आज तिथेच पेन लावायला आलेय,” मी म्हणाले. पुन्हा सगळे हसले.

आणि मग शरद बोलला. माझा शरद, अनोळखी माणसांत. “लाकूड शाई पितं, हे मला ठाऊक नव्हतं. चूक माझी होती. आता आतून लाख दिली आहे. हे पेन सकाळी देवासला भरलंय, आणि हा सदरा तेव्हापासून अंगावर आहे.”

बळवंतरावांनी त्याचा खिसा निरखला. मग पेन काढून घेतलं आणि सगळ्यांदेखत आपल्या खिशाला, जुन्या डागावर, लावलं. दोन तास ते तसेच वावरले. लोकांना कवटाळलं, मुलांना वाकून सोनं दिलं, पंगतीत बसले. मी श्रीखंड वाढायच्या निमित्ताने दोनदा त्यांच्या खिशाजवळ जाऊन आले.

शेवटी त्यांनी मला हाक मारली. पेन काढलं, खिसा उलटा करून बाहेर ओढला आणि चारी बाजूंनी सगळ्यांना दाखवला.

“जुना डाग आहे तेवढाच आहे,” ते म्हणाले. मग कोरा कागद पुढे ओढला. “काय लिहू?”

बळवंतरावांना मजकूर सांगणारं धारमध्ये कुणी नव्हतं. मी सांगितला. “लिहा, शरदची लाकडी पेनं. गळत नाहीत.”

ते ठसका लागेपर्यंत हसले. मग त्या सुप्रसिद्ध अक्षरात जसंच्या तसं लिहिलं आणि मी मागितली नसताना त्यांनी खाली सहीही केली. कागद त्यांनी माझ्या हातात दिला, पेन मात्र परत खिशाला लावलं.

“अक्कासाहेब,” ते म्हणाले, “हे आता मागू नका.”

मी शरदकडे बघितलं. तो रडत होता आणि हसत होता, आणि मला त्याचा इतका अभिमान वाटला की बोलायला शब्द सापडेना. आमच्या घरात ही अडचण नेहमी त्याची असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा शरद मागच्या खोलीत मशीन लावून बसला होता. मी पिशवीत पेनं भरली, वर तो कागद ठेवला आणि परत धारची बस धरली. पेनं परत केलेली बावीसच्या बावीस घरं मला तोंडपाठ होती.