वैदेहीचा दुसरा आवाज

‘काळी झालर’ हे नाव ऐकलं की बारामतीतल्या लोकांना आधी कपड्याचं दुकान वाटायचं. बँड आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, “लग्नाच्या ऑर्डरी घेता का?” अनय हसून नाही म्हणायचा. तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांभोवती काजळाची वर्तुळं, अंगात काळे कपडे आणि गाणी सगळी मरणाबिरणाची, पण ऐकताना हसू फुटेल अशी. असल्या बँडला लग्नात कोण बोलावणार!

अनय भवानीनगरच्या साखर कारखान्यात केमिस्ट होता आणि बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्याचा मित्र पुष्कर क्लॅरिनेटवर असायचा. पण खरी झालर म्हणजे वैदेही. गाणी ती लिहायची, पियानो ती वाजवायची, गायचीही तीच. दिवसा कॉलेजात फिजिक्स शिकवणारी ही बाई स्टेजवर मेलेल्या नवरीच्या तोंडून सासरच्यांचे वाभाडे काढू लागली, की इतकी वर्षं साथ करूनही अनयच्या अंगावर काटा यायचा.

पहिला अल्बम करायचं ठरलं ते गोकुळच्या स्टुडिओत. तिथं एरवी निवडणुकीची गाणी आणि सराफांच्या जाहिराती रेकॉर्ड व्हायच्या. उसाचा हंगाम चालू होता. बाहेरून एखादा ट्रॅक्टर मोठ्यानं डेक लावून गेला की काचेपलीकडून गोकुळ हात वर करायचा. “थांबा, थांबा! ऊस चाललाय. पुन्यांदा घ्यावं लागंल.” सगळे हसायचे आणि पुन्हा सुरू करायचे. असं करत निम्म्याहून जास्त गाणी झाली.

आणि वैदेहीचा आवाज बसला. आधी सगळ्यांना सर्दी वाटली. मग पुण्याच्या डॉक्टरांनी स्वरतंतूवर गाठ असल्याचं सांगितलं. घाबरण्यासारखी नव्हती, पण काढावी लागणार होती. ऑपरेशननंतर ती कितीतरी दिवस एक शब्द बोलली नाही. पुढं एका दुपारी ती तालमीच्या खोलीवर आली, पियानोची एक पट्टी दाबली आणि सा लावला. आवाज जाड, घोगरा. वर चढायला गेली की मध्येच फाटायचा.

“डॉक्टर म्हणाले, आता हाच,” ती म्हणाली. पुष्कर खिडकीबाहेर बघत राहिला.

अनयला ते सोसवेना. त्यानं गोकुळबरोबर बसून जुन्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंगं धुंडाळली आणि उरलेल्या गाण्यांसाठी तिचा आधीचा आवाज जुळवून आणला. काम छान झालं होतं. मोठ्या उमेदीनं त्यानं तिला स्टुडिओत बोलावून ते ऐकवलं.

वैदेहीनं डोळे मिटून सगळं ऐकलं. “किती गोड गायचे ना मी?”

“तेच तर म्हणतोय. अल्बम पुरा होतो बघ.”

“पण मेलेली बाई इतकी गोड गाते का रे, अन्या? मी भीतीची नक्कल करत होते. आवाज गेला तेव्हा खरी भीती कळली. झालेली गाणीसुद्धा सोडून देऊ. पहिल्यापासून गाते सगळी.”

अनयचा तोल गेला. “लोक कीव करतील तुझी!”

वैदेही खुर्चीतून उठली. मग म्हणाली, “करू देत. गाणं संपेपर्यंत ती कीव टिकते का, ते बघू.”

पुन्हा रेकॉर्डिंग सुरू झालं त्या दिवशी तिच्यासोबत तिची आई आली. मंदाकिनीताई शास्त्रीय गाणं शिकवायच्या. लेकीचा गळा त्यांनीच घडवलेला. ‘झालर’च्या एकाही कार्यक्रमाला त्या आजवर फिरकल्या नव्हत्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि पेटी उघडली.

“पियानोवर बसलीस की तुझा गळा जुन्या जागा शोधत जातो. त्या जागा मीच बसवल्यात. आज पेटी मी धरते, तू नुसती गा. तुझी ती काळी पाचची उंच पट्टी विसर आता.”

त्या एकेक पट्टी खाली येत गेल्या, लहान मुलाचा हात धरून जिना उतरावा तशा. पांढरी तीनवर वैदेहीचा आवाज टेकला. टेकला आणि पसरला. अनयनं हातातल्या काठ्या मांडीवर ठेवल्या.

“वर गेले की फाटतोय, आई.”

“फाटू दे. झाकू नकोस. तिथंच थांबून राहा.”

त्या दिवशी काचेपलीकडचा गोकुळ टेक संपला तरी बटण बंद करायचं विसरला.

अल्बम उन्हाळ्यात आला. सकाळी इंटरनेटवर आणि संध्याकाळी इंदापूरच्या एका सभागृहात कार्यक्रम. कॉलेजची मुलं होती, कारखान्यातले लोक होते, गोकुळच्या ओळखीनं बावड्याहून आलेली काही शेतकरी मंडळीही होती. वैदेहीनं गाणं धरलं,

“मेल्यावर मला पावडर लावू नका,
आरसा माझा पुसू नका;
जन्मभर हसले तुमच्यासाठी,
आता न हसले तर रुसू नका.”

पहिल्या कडव्याला लोक खदखदून हसले. शेवटच्या कडव्यात आवाज फाटला, ती तिथंच थांबून राहिली, आणि सभागृहात कुणी हललंही नाही. गाणं संपल्यावर पुढच्या रांगेतले बावड्याचे गेणबा उठून उभे राहिले.

“पोरी, गळा बसलाय तुजा.”

सगळे अवघडले. वैदेही मात्र हसली. “बसलाय, आबा. आता उठायचा नाही.”

“मग ऱ्हाऊ दे तसाच. खरं बोलतोय त्यो. आनि येक म्हन!”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की अनयला पुढच्या गाण्याचा ताल द्यायला थांबावं लागलं. कार्यक्रमानंतर वैदेही तोंडाचा रंग पुसत होती, तेव्हा तो जवळ गेला.

“चुकलं माझं.”

“चुकलास हे बरंच झालं. तू म्हणालास म्हणून तर इरेला पेटले.”

अल्बम लाखो लोकांपर्यंत पोचला वगैरे काही झालं नाही. पण पुण्या-कोल्हापुराकडून बोलावणी येऊ लागली, आणि पेटीवर मंदाकिनीताई कायमच्या बसल्या. फक्त तोंडाला रंग लावायला त्या अजूनही तयार नाहीत.