नितळ म्हणे!

चहाचा पहिला घोट घ्यायच्या आतच ताईंनी पेपर टेबलावर आपटला आणि कपातला निम्मा चहा त्यावर सांडला. बरंच झालं. त्या पानाची लायकी तेवढीच होती.

शनिवारची पुरवणी, सदर ‘नवं आणि ऐकावं असं’. महिनाभरात निघालेल्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या सीडींतून समीक्षक महाशय पाच निवडतात आणि उरलेल्यांच्या तोंडाला पानं पुसतात. या वेळी पहिला नंबर ताईंच्याच सीडीचा होता. बहीण पियानोवर, भाऊ व्हायोलिनवर. भाऊ चार महिन्यांपूर्वी गेला, म्हणून त्याचा चौकटीत फोटो. दुसरी कुणी असती तर कात्री शोधायला उठली असती. पण खाली लिहिलं होतं, ‘वादन इतकं नितळ, की व्हायोलिनखेरीज श्वाससुद्धा ऐकू येत नाही. आणि शेवटच्या सुरानंतरची ती शांतता! केवळ तिच्यासाठी ही सीडी घ्यावी.’

नितळ म्हणे! ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण त्यांचा भाऊ वाजवताना गुणगुणायचा. हनुवटी व्हायोलिनवर टेकली की घशातून भुणभुण सुरू, तीही अर्धा सूर खाली. बोटं इतकी सुरेल आणि गळा असा, की जणू देवाने एकाच माणसात दोन माणसं कोंबली होती. म्हणून लहानपणापासून त्याचं नाव भुंगा. ताईंनी चाळीस वर्षं शेजारच्या पियानोवरून त्याला झापलं होतं. “तोंड बंद ठेव, मेल्या! लोक तुझं व्हायोलिन ऐकायला आलेत.” हे ‘मेल्या’ त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की एका वाद्यवाल्याने पावतीवर तेच आडनाव म्हणून लिहिलं होतं. भुंगा त्यावर आठवडाभर हसत होता. तो गेल्यापासून तो शब्द ताईंच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता.

सीडी घरी येऊन तीन आठवडे झाले होते. पियानोवर तशीच पडून होती, वरचा प्लॅस्टिकचा कागदही फाडलेला नव्हता. ऐकायचा धीर होत नव्हता, पण धीर झाला की भुंगा तिथे भेटणार याचा भरवसा होता. त्याच्या आवाजाची दुसरी नोंद घरात नव्हती. आधीची रेकॉर्डिंग सगळी रेडिओसाठी, एकदा वाजली की तिथेच पुसली जायची. कॅमेरा दिसला की पळायचा आणि फोनवर ‘हं’च्या पुढे जायचा नाही.

ताईंनी कागद दातांनी फाडला. सीडी लावली. रचनेच्या मधल्या संथ भागाची बारा मिनिटं स्पीकरला कान लावून ऐकली, आवाज वाढवून पुन्हा ऐकली. व्हायोलिन होतं, पियानो होता. भुंगा नव्हता.

पाऊण तासात त्या स्टुडिओच्या दारात होत्या. रेकॉर्डिंग चालू असल्याचा लाल दिवा लागलेला नव्हता हे रेकॉर्डिस्टचं नशीब, आणि लागलेला असता तरी त्या थांबल्या नसत्या.

“या ताई! वाचलंत ना? पहिला नंबर!” रेकॉर्डिस्ट हेडफोन गळ्यात घेऊन उठला.

“कुणाला विचारून काढलंस त्याला?”

“कुणाला?”

“माझ्या भावाला! त्याची गुणगुण कुठंय?”

“अच्छा, ती. अहो, नवं सॉफ्टवेअर आलंय. अनावश्यक आवाज अगदी अलगद निघतात...”

“अनावश्यक?” ताईंनी पर्स टेबलावर अशी आदळली की तिथले पेन उडाले. “चाळीस वर्षं वाजवलं त्याने. आणि तू त्याला धूळ झटकावी तसा झटकलास? मूळ रेकॉर्डिंग दे मला.”

रेकॉर्डिस्टने मान खाली घातली. “साफ केलेलं मूळ फाइलवरच सेव्ह झालं. कॉपी ठेवायला हवी होती. चूक माझीच आहे.” मग हळूच म्हणाला, “पण काढायला तुम्हीच सांगितलं होतं, ताई.”

“मी?”

“निघताना म्हणालात, ‘याची भुणभुण तेवढी काढून टाक रे बाबा.’ मी लिहून घेतलं.”

हे ताई प्रत्येक रेकॉर्डिंगनंतर म्हणायच्या. तीस वर्षं म्हणत होत्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला! जुने रेकॉर्डिस्ट हसून सोडून द्यायचे, कारण ते कुणाला जमणारच नव्हतं. आता जमत होतं. त्यांना रेकॉर्डिस्टचा राग आला, सॉफ्टवेअरचा आला, नितळवाल्या समीक्षकाचा आला, आणि या सगळ्यांना पुरून उरेल इतका स्वतःचा आला.

“एक आहे,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. “खोलीची शांतता.”

ती काय, हे ताईंना ठाऊक होतं. रेकॉर्डिंग संपलं की सगळ्यांनी एक मिनिट हलायचं नाही, खोकायचं नाही. नुसती खोली रेकॉर्ड करायची. पुढे कुठे खुर्ची करकरली तर तो तुकडा काढून तिथे ही शांतता जोडतात.

“त्या फाइलला सॉफ्टवेअर लावत नाही आम्ही. सुरुवातीची वीस सेकंदं खराब होती, म्हणून वापरली नाहीत.”

ताईंनी हेडफोन कानांवर दाबले. गज ठेवल्याचा आवाज. मग अगदी खालून, घशातून, त्याच संथ भागाची ओळ, अर्धा सूर खाली. एक ओळ पुरी झाली. दुसरी निम्मी झाली. आणि त्यांचाच आवाज कडाडला, “गप बस, मेल्या!”

नाकातून सुटलेलं एक हसू. मग तो गप्प बसला. चाळीस सेकंद. खोलीत कुणी श्वास घेतल्याचंही कळत नव्हतं.

“शेवटच्या सुरानंतर हीच जोडलीय,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. “पेपरात लिहिलंय ती.”

ताई हेडफोन दोन्ही हातांनी धरून खुर्चीत बसल्या. रेकॉर्डिस्टला कणव आली असावी. “तुमचं ते वाक्य काढून नुसती गुणगुण देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे.”

“हात लावून तर बघ!” ताई ताडकन उठल्या. “हात लावून तर बघ, मे...”

शब्द तिथेच अडकला. त्या पुन्हा खाली बसल्या आणि त्यांनी बोटानेच खूण केली, पहिल्यापासून लाव.