एकसष्ट नंबरचा ठिपका

"किती?" साहेब ओरडला.

बळीरामने फीत ताणली. एक टोक तुळसाबाईच्या कुडाला, दुसरं शेजारच्या झोपडीला.

"पाच फूट, साहेब."

साहेबाने नकाशावर दोन ठिपके रेघेने जोडले. गेल्या उन्हाळ्यात वाडीच्या गोदामांमागची ही वस्ती अर्धी जळाली. चार लेकरं गेली. तेव्हा कुठे चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात सरकारला जाग आली. झोपडी म्हणजे ठिपका. दोघींत आठ फुटांहून कमी जागा असली की आग उडी मारते, तिथे रेघ. सगळ्या रेघा ओढल्या की आगीची वाट दिसते.

वस्तीचे दोन पुंजके निघाले. त्यांना जोडणारा ठिपका एकच, एकसष्ट नंबर. तुळसाबाई. विधवा, एकटी.

"हा काढा. अर्धी वस्ती वाचेल."

"साहेब, लाकडाची टाल बी दोन्हीकडं भिडून आहे. तिचा ठिपका काहून नाही?"

"टाल कायदेशीर आहे. सर्व्हे झोपड्यांचा."

"आग कागद पाहून येते का?"

"तू फीत धर."

बळीरामने धरली. वीस वर्षं तेच केलं होतं. दोन्ही पुंजक्यांना भिडलेली ती लाकडाची वखार उभी असताना ही झोपडी पाडून काडीचाही उपयोग नव्हता. हे त्याला कळत होतं. साहेबाला कळत नव्हतं, असं कोणी म्हणू नये.

तिसऱ्या दिवशी कुड पडला. दहा मिनिटं लागली.

"काहून गा बळीराम," तुळसाबाई म्हणाली, "नऊ फूट म्हटलं असतं तं जीभ झडली असती?"

"माहे लेकरं बी इथंच निजतेत वं मावशी."

तिने पडलेल्या कुडाखालून गाठोडं ओढून काढलं.

नवी झोपडी बांधायची तर सगळ्यांपासून आठ फुटांवर, असा साहेबाचा हुकूम. दुपारभर बळीराम फीत घेऊन तिच्यासोबत फिरला. नाल्याकाठी सहा फूट. संडासामागे चार. बोरिंगजवळ सात.

"आठ लिवून देतो मी," तो हळूच म्हणाला. "बांध इथंच."

"आता म्हनतं?" तिने बोरिंगलगतच्या झोपडीकडे पाहिलं. आत कौसल्येचं तान्हं पाळण्यात होतं. "नको गा. हे लेकरू आहे इथं."

ती आपल्या मोकळ्या जागेवर परत आली. भांडी एकात एक घातली, गाठोडं त्यांना टेकवलं. जागा आता ऐसपैस होती. तरी ती मधोमध गुडघे पोटाशी घेऊन, अंग चोरून बसली.