वाऱ्यावर ढकलू नका

नवरा-बायको दोघेही दुभाषे. आंतरराष्ट्रीय बैठकांत काचेच्या एकाच केबिनमध्ये शेजारी-शेजारी बसून बोलायचं आणि त्यावर घर चालवायचं. त्या आठवड्यात मात्र घरात अबोला होता. बायको बहिणीकडे गेली असताना नवऱ्याने परसात तणनाशक फवारलं होतं. खुरपायचा कंटाळा, दुसरं काय. तण गेलं, पण त्याबरोबर तिच्या मिरच्या, टोमॅटो आणि कुंपणावरचा घेवड्याचा वेलही गेला. वर साहेबांचं म्हणणं, "तण गेलं ना?" तेव्हापासून घरात भांडी तेवढी बोलत होती.

बैठक होती दोन शेजारी देशांची. वरच्या डोंगराळ देशात अफू पिकायची. खालच्या देशाशी करार करून वरच्यांनी ती विमानातून औषध फवारून जाळायला घेतली होती. वारा ते औषध नदीपलीकडे घेऊन गेला. खालच्या देशातले मासे मेले, भाजीचे मळे करपले. डोंगरातले शेतकरी अफू सोडून बसले नाहीत. ते आणखी वर गेले आणि जंगल तोडून तीच लावू लागले. अफूचा भाव चढला, तशी गावातली पोरं त्याहून वाईट गोळ्यांकडे वळली.

वरच्यांचे प्रमुख एक निवृत्त कर्नल होते. इस्त्रीच्या घडीसारखा माणूस, समोरच्या कागदाबाहेर एक शब्द बोलत नसे. खालच्यांच्या प्रमुख होत्या व्यसनमुक्तीचं इस्पितळ चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई. दोन दिवस दोघांनी आपापले कागद वाचले आणि गाडी जागची हलली नाही.

केबिनमध्ये वाटणी अशी होती: डॉक्टरीणबाईंचं बोलणं बायको कर्नलांच्या भाषेत सांगायची, आणि कर्नलांचं बोलणं नवरा डॉक्टरीणबाईंच्या भाषेत.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "फवारणीपूर्वी आम्हाला पूर्वसूचना मिळणं अपेक्षित होतं."

बायकोने माईक जवळ ओढला. खरं तर ती सरळच सांगणार होती. पण शेजारी नवरा निवांत पेन्सिलीला टोक करत होता.

"निदान एका शब्दाने विचारायचं तरी होतं," ती म्हणाली. "शेजारी माणसं राहतात, भिंती नाहीत."

पेन्सिलीचं टोक मोडलं. खाली कर्नलांनी भाषांतर ऐकायचं कानावरचं यंत्र काढलं, उलटसुलट पाहिलं आणि परत एकाच कानाला लावलं. मग कागदावरून वाचलं, "तांत्रिक कारणांमुळे कारवाई तातडीची होती. परिणाम समाधानकारक आहेत."

नवऱ्याने घसा खाकरला. "तण माजलं होतं," त्याने भाषांतर केलं. "कोणीतरी हात लावायलाच हवा होता. बाकीच्यांना पाहुणचारातून सवड कुठे होती?"

"पाहुणचार?" डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. त्यांनी पुढचं कागदाशिवाय सांगितलं. नदीकाठच्या बायका मेलेले मासे टोपल्यांनी पुरत होत्या. डोंगरातली पिकं जळाली तशी कुटुंबंच्या कुटुंबं रिकाम्या पोटी नदी ओलांडून आली, आणि इस्पितळात व्हरांड्यातही जागा उरली नाही. हे सगळं बायकोने मात्र जसंच्या तसं सांगितलं. त्यात मीठमसाला घालायची तिला गरज वाटली नाही.

कर्नलांनी कागद चाळून एक ओळ शोधली. मग म्हणाले, "वाऱ्याची दिशा आमच्या अखत्यारीत नव्हती."

"वाऱ्यावर माझं काही चालत नाही," नवरा म्हणाला. हे तर भाषांतर चोखच होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे उत्तर आम्हाला मान्य नाही."

"वाऱ्यावर ढकलू नका," बायको म्हणाली. "माझा घेवडा जाळणारं औषध वाऱ्याने आणलं होतं का विकत? चुकलं एवढं म्हणायला जीभ झडते का?"

बैठक भरवणाऱ्या संस्थेच्या, अध्यक्षस्थानी बसलेल्या सचिवबाईंना दोन्ही भाषा येत नव्हत्या. त्या सगळ्यांकडे पाहून प्रसन्नपणे मान हलवत होत्या. कर्नलांनी कागदांची चवड नीट केली आणि बाजूला सरकवली. टेबलावर हात ठेवून ते म्हणाले,

"चुकलं."

त्यांच्या मागे बसलेल्या अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तो शब्द कुठल्याच मसुद्यात नव्हता. आता भाषांतराची पाळी नवऱ्याची. तो माईकपाशी वाकला, पण नजर शेजारच्या खुर्चीवर होती.

"चुकलं," तो हळू म्हणाला. "विचारायला हवं होतं. मला वाटलं, तू आलीस की स्वच्छ झालेलं बघून खूश होशील."

डॉक्टरीणबाई चकित होऊन कर्नलांकडे बघत राहिल्या. "मी?" त्या म्हणाल्या. "मी कशाला खूश होऊ?"

खालच्या देशाच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मग डॉक्टरीणबाईच हसू लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. केबिनमध्ये बायकोने माईक बंद केला.

"तुम्ही वेडे आहात का?" ती म्हणाली. त्या आठवड्यात ती त्याच्याशी प्रथमच बोलत होती.

"तू सुरुवात केलीस."

"आणि मिरच्यांची सुरुवात कोणी केली?"

"तेच तर सांगितलं ना आता, साऱ्या जगासमोर."

दुपारनंतर दोघांनी शब्दाला शब्द ठेवून काम केलं, आणि कामही भराभर झालं. नदीच्या पट्ट्यात विमान उडणार नाही. तिथली अफू माणसं हाताने उपटतील, मजुरी दोन्ही देश देतील. डोंगरातल्या बटाट्याला खालच्या बाजारात जकात लागणार नाही. आणि इस्पितळात कोण कुठल्या काठाचा हे विचारलं जाणार नाही.

संध्याकाळी सचिवबाईंनी दोघांना बोलावून घेतलं. त्यांनी ध्वनिमुद्रण कोणाकडून तरी समजावून घेतलं होतं आणि प्रसन्नपणा पार मावळला होता.

"दोन देशांच्या तोंडात तुम्ही तुमचं भांडण घातलंत," त्या म्हणाल्या. "उद्या युद्ध झालं असतं तर?"

दोघांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात दार ढकलून कर्नल आत आले आणि डॉक्टरीणबाईंच्या भाषेत, अगदी सफाईने, नवऱ्याला म्हणाले, "घेवडा परत लावा. दोन महिन्यांत वर येतो."

नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. "तुम्हाला ती भाषा येते?"

"माझी सासुरवाडी नदीपलीकडची. त्यांचं मी उघड्या कानाने ऐकत होतो आणि तुमच्या बाईंचं यंत्रातून. एका वेळी दोन बैठका चालल्या होत्या."

"मग तक्रार का केली नाहीत?" बायकोने विचारलं.

कर्नल जरा ओशाळले. "वरून आलेला कागद वाचायचा, एवढंच माझं काम. त्या बाई सभ्यपणे बोलत होत्या, तोवर कागद पुरत होता. तुम्ही बोलायला लागलात आणि मला वाटलं, घरीच बसलोय. घरी मला कागद काढायची सोय नाही."

सचिवबाईंना यातलं काहीच कळलं नाही आणि सांगायची छाती कोणाची झाली नाही. दोघांना वर्षभर काम मिळणार नाही, असा हुकूम निघाला. कर्नलांनी रदबदली केली, पण बाई बधल्या नाहीत. आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकलंही नाही.

अफू काही संपली नाही. डोंगरमाथ्यावर ती अजून आहे, आणि ती कशी हटवायची यावर अजून बैठका होतात. पण नदीत जाळी पडू लागली आणि इस्पितळाने मागे आणखी एक दालन बांधलं. पुढच्या बैठकीला नवे दुभाषे आले, अत्यंत अचूक. कर्नलांनी यंत्र कानाला लावलंच नाही. ते सरळ डॉक्टरीणबाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

आमचे दोघे तेव्हा घरी शिलाई यंत्रांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करत होते, वेगवेगळ्या खोल्यांत. एकाच टेबलावर बसायचा प्रयत्न एकदा केला होता; त्या माहितीपत्रकात सुई तुटण्याचं कारण म्हणून "नवऱ्याचा हट्ट" असं छापून गेलं.