घरचा भाव

ज्या साली प्रीतीला माधवनगरला दिली, त्याच साली कुपवाडच्या कारखान्यात आयकराची माणसं आली. लग्नपत्रिका पॅकिंगच्या भिंतीवर तशीच चिकटलेली होती आणि तिच्याखाली प्रीतीचा बाप आदगोंडा व्हॉल्व्हच्या खोक्यांना पट्ट्या आवळत होता. मॅनेजर धैर्यशील धापा टाकत आला.

"आण्णा, आयकराच्या मॅडम तुमाला इचारतील. ह्योच व्हॉल्व्ह जर्मनीच्या आपल्या कंपनीला स्वस्त आन् माधवनगरच्या दुकानदाराला म्हाग का? एवढंच सांगायचं. जर्मनीला माल ठोकात जातो, पैसं लगीच येत्यात. दुकानदाराची उधारी, हमी, पोच, सगळं आपल्या गळ्यात. बास."

"एवढंच व्हय? सांगतो की."

कारखाना जर्मन कंपनीने विकत घेतला, तेव्हापासून निम्मा माल तिकडेच जाई. कायदा म्हणे, एका घरातल्या दोन कंपन्यांनी परक्याला लावला असता तोच भाव एकमेकींना लावायचा. नाहीतर नफा परदेशी जातो आणि इथला कर बुडतो. धैर्यशीलने हे समजावून सांगितलं होतं, पण आदगोंडाचं अर्धं लक्ष फाटकाकडे होतं. तिथे त्याचा धाकटा भाऊ आप्पासो स्टुलावर बसलेला असे. त्याची मूत्रपिंडं गेल्यावर धैर्यशीलनेच त्याला भट्टीवरून उठवून फाटकावर बसवलं होतं. हजेरी चालू तोवर ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड चालू, आणि कार्ड चालू तोवर आठवड्यातून दोनदा त्याचं रक्त धुतलं जाई.

पुण्याहून आलेल्या संयोगिता मॅडम वयाने प्रीतीएवढ्याच. दोन्ही हातांत एकेक व्हॉल्व्ह घेऊन त्यांनी विचारलं, "काका, हे दोन्ही सारखेच ना?"

"एकाच साच्यातलं."

"मग भावात एवढा फरक?"

पाठ केलेलं सगळं आदगोंडाच्या डोक्यातून उडालं. मॅडमचा आवाज मऊ होता आणि त्याला वाटलं, पोरीला साधी गोष्ट कुणी सांगितलेलीच नाही.

"आवं मॅडम, ती आपलीच माणसं न्हवं? घरच्याला बाजारभाव कोन लावतंय? आमच्या थोरल्या भैणीला दरसाल हळद देतो, ती बी बेण्याच्या खर्चात. त्यो घरचा भाव. दुकानदार परका, त्याला बाजाराचा."

मॅडमचं पेन थांबलं. "काका, हे असंच लिहून घेऊ?"

"घ्या की. खोटं हाय व्हय?"

त्याने सावकाश, वळणदार सही केली. दारातला धैर्यशील खिडकीकडे बघत राहिला.

कराची मागणी आली ती भली मोठी. अपिलात उधारीचं, हमीचं सगळं मांडता आलं असतं, पण जर्मनीवाल्यांनी अपील केलंच नाही. कुपवाडचं काम दुसऱ्या देशात हलवायचा निर्णय तेवढा कळवला.

"धैर्यशील, माज्या बोलण्यानं झालं का रं?"

"न्हाई आण्णा. त्येंचं आधीच ठरलं आसंल."

'आसंल' म्हणताना त्याने मान वर केली नाही. आदगोंडाने त्याचा हात धरला. "एक डाव फोन लाव. म्हणावं, कारखाना न्या, मशिनी न्या. एका मानसाची हजेरी तेवढी ठेवा. पगार बी नको म्हणावं, मी भरतो. आपलीच माणसं हायत ती."

धैर्यशीलने फोन लावला. इंग्रजीत बराच वेळ बोलला, मग नुसता ऐकत राहिला. फोन ठेवून म्हणाला, "आण्णा, त्येंनी नाव लिवून घेतलंय." पुढे जर्मनीहून काही उत्तर आलं नाही.

मशिनी भरलेला ट्रक निघाला तेव्हा फाटक आप्पासोनेच उघडलं. दम लागला म्हणून तो फाटकाला धरून उभा राहिला.

"आण्णा, तुज्या घरच्यांनी तर आपल्याला परक्यापरास लांब केलं की."

"गप बस रं."

"आता तोंड पाडू नगंस. भैणीच्या हळदीचा भाव मातुर वाढवू नगं."

कार्ड बंद झालं. दुसऱ्या योजनेतून दवाखाना मिळवायला आदगोंडा हिंडत राहिला. आज ही सही राहिली, उद्या तो शिक्का. तोवर रक्त धुवायच्या पाळ्या चुकत गेल्या आणि आप्पासोच्या पायांवरची सूज तोंडावर चढली.

पुढच्या साली हळद निघाली. बहिणीची हळद आदगोंडाने त्याच भावाने बाजूला काढली. पोत्याचं तोंड दरसाल आप्पासो धरायचा. या खेपेला आदगोंडाने ते एका हाताने धरलं आणि दुसऱ्या हाताने भरलं. बरीच हळद खाली सांडली. आप्पासो दोन हजार चोवीसच्या अनंत चतुर्दशीला, सकाळी, घरीच वारला होता.