भारदस्त शब्द

मास्तर सकाळी पोरांचे निबंध तपासत बसले होते, तेवढ्यात समाजाचे अध्यक्ष आले. चहा घेता घेता म्हणाले, "मास्तर, बंदीला एखादा भारदस्त इंग्रजी शब्द सांगा. सभागृहाच्या फळ्यावर लिहायचाय. वाळीत टाकलं असं लिहिलं, की लोक कोर्टात जातात."

कुणाला, हे मास्तरांनी विचारलंच नाही. समाजात इंग्रजी येणारे ते एकटे. त्यांना हुरूप चढला. "बॅन काय, कुणीही म्हणतं. प्रोहिबिट धूम्रपानाला ठीक. तुम्ही प्रोस्क्राइब लिहा. म्हणजे अधिकार असलेल्यानं जाहीर बंदी घालणं. पुस्तकावर घालतात, संघटनेवर घालतात. जुन्या काळी माणसावरही घालायचे, मग त्याला कुणी थारा द्यायचा नाही." वर स्पेलिंगही लिहून दिलं.

संध्याकाळी फळ्यावर त्या शब्दापुढे त्यांच्या थोरल्या बहिणीचं नाव होतं. अक्का सुईण, अर्ध्या गल्लीची बाळंतपणं तिच्या हातची. गुन्हा एवढाच, की विधवा सुनेचं तिनं दुसरं लग्न लावून दिलं.

"आता अक्कांकडे जायचंच नाही का?" बायकोनं विचारलं.

"चार दिवस जाऊ दे. निवळेल सगळं," मास्तर म्हणाले. वर्गात पोरांना धीट व्हा म्हणून सांगणारा हा माणूस घरी भिजलेलं मांजर झाला होता.

निवळलं काहीच नाही. अक्काला दुकानदार सामान देईना, शेजारीण बोलेना. अक्कानं तापानं अंथरूण धरलं, आणि एका सकाळी सून मास्तरांच्या दारात येऊन उभी राहिली.

"मामा, सासूबाई गेल्या. खांदा द्यायला माणसं नाहीत, आम्ही नवराबायकोच आहोत." तिनं पदरानं डोळे पुसले. "शेवटपर्यंत दाराला कडी लावू दिली नाही त्यांनी. भाऊ येईल म्हणायच्या."

मास्तर लहान मुलासारखे रडले. मग तसेच अनवाणी निघाले, मागोमाग बायको. कोपऱ्यावर अध्यक्ष आडवे आले. "मास्तर, पुढं गेलात तर तुमचंही नाव लागेल फळ्यावर."

"लावा. मीच उशिरा निघालोय."

चौथा खांदा मास्तरीणबाईंनी दिला. गल्लीतली दारं किलकिली झाली. आत उभ्या असलेल्या कितीतरी जणांना जन्मल्यावर पहिल्यांदा अक्कानंच हातात घेतलं होतं. बाहेर एकही आला नाही.

वाचकहो, त्या दारांआड आपण नव्हतो, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?